सातव्या वर्षाची रजा : तिचें मूळ, तिचें फळ व तिचें ऋण

(१)

विद्यापीठांतील अध्यापकांना ठराविक वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन-संशोधनासाठीं जी दीर्घ रजा मिळते, तिला इंग्रजींतून आलेल्या शब्दानें 'सॅबॅटिकल' रजा म्हणतात. रजेसारखा कारकुनी विषय इतिहासाच्या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु ज्याला जुने कागद वाचावयाचे असतात त्याला त्यासाठीं वेळ कोण देतो, हा प्रश्न इतिहास-संशोधनाच्या मुळाशींच आहे. शिवाय ह्या रजेचा पहिला व्यवस्थित नियम झाला तो एका संस्कृत पंडिताच्या निमित्तानें, आणि त्या पंडिताच्या पुढील कार्याचा महाराष्ट्रांतील विद्वानांशीं निकटचा संबंध आला, ही हकीकत आपल्याकडे फारशी प्रसिद्ध नाहीं. ती क्रमानें मांडावी आणि तिच्यावरून निघणारा विचार नम्रपणें पुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाविषयीं. मूळ शब्द यहुद्यांचा. 'शब्बाथ' म्हणजे आठवड्यांतील विश्रांतीचा सातवा दिवस, अर्थात् शनिवार. कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांत त्यांना 'शनिवार तेली' हें नांव पडलें. तेव्हां ह्या शब्दाचा आशय मराठी मुलखाला अगदींच अपरिचित नाहीं. जो नियम दिवसांना तोच वर्षांना लावून, सहा वर्षें शेत पिकवावें व सातव्या वर्षीं तें पड ठेवावें, अशी आज्ञा यहुद्यांच्या धर्मग्रंथांत आहे. त्या वर्षीं आपोआप उगवेल तें गोरगरिबांनीं खावें, असेंही तेथें सांगितलें आहे. पड ठेवलेली जमीन वाया गेलेली नसते, हें कुणब्याला सांगावयास नको. परंतु रजेच्या संबंधांत मात्र ह्या आज्ञेंतील विश्रांतीचा अंशच लोकांच्या ध्यानांत राहिला, आणि ही रजा म्हणजे थकलेल्या प्राध्यापकाला दिलेली बक्षिसी होय, असा समज रूढ झाला. तो कितपत खरा आहे, हें तिच्या उगमावरूनच पाहूं.

(२)

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून चार्ल्स विल्यम एलियट यांनीं १८६९ पासून १९०९ पर्यंत चाळीस वर्षें काम केलें. त्यांच्या कारकीर्दींत, १८७६ सालीं, बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालें. मिळालेली विद्या शिकविणें जसें विद्यापीठाचें काम, तसेंच नवी विद्या निर्माण करणें हेंही त्याचेंच काम, हें जर्मन विद्यापीठांचें धोरण ह्या नव्या संस्थेनें आरंभापासून स्वीकारलें. अर्थात् अशा विद्यापीठाशीं बरोबरी करावयाची तर हार्वर्डला त्या जातीचीं माणसें हवीं होतीं.

त्यांपैकीं एक चार्ल्स रॉकवेल लॅनमन. ह्यांचा जन्म १८५० चा. येल येथें विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्यापाशीं त्यांचें संस्कृताचें अध्ययन झालें, आणि पुढें जर्मनींत वेबर व रोथ यांच्यापाशीं तें परिपक्व झालें. १८७६ पासून ते जॉन्स हॉपकिन्समध्यें संस्कृत शिकवीत होते. १८८० सालीं त्यांना हार्वर्डला आणतांना एलियट यांनीं जीं आश्वासनें पुढें केलीं, त्यांत दर सातव्या वर्षीं अर्ध्या वेतनावर वर्षभराची रजा हें एक होतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत हार्वर्डच्या कार्यकारी मंडळानें सर्व प्राध्यापकांसाठीं तसा नियम केला. रजा एक वर्षाची, वेतन निम्में, सात वर्षांत एकाहून अधिक वेळां ती मिळावयाची नाहीं, आणि मागणाराचा उद्देश प्रकृतिस्वास्थ्य, विश्रांति, अध्ययन किंवा वाङ्मय व शास्त्र यांतील स्वतंत्र कार्य, यांपैकीं असला पाहिजे, असा त्याचा आशय.

ह्या नियमांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, विश्रांति हा शब्द त्यांत आहे खरा. परंतु ज्या मनुष्याला ह्या रजेचें आमिष दाखविलें गेलें, त्यानें त्या वेळीं तिशीही गाठलेली नव्हती. एकोणतिसाव्या वर्षीं कोणी विश्रांतीच्या आशेनें एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत जात नाहीं. त्याला हवा होता तो वेळ. दुसरी गोष्ट ही कीं, अर्धें वेतन विद्यापीठानें दिलें व अर्धें अध्यापकानें सोडलें. म्हणजे त्या वर्षाची किंमत दोघांनीं मिळून भरली, आणि म्हणूनच त्या वर्षाच्या फळावर दोघांचाही हक्क राहिला.

हार्वर्डचें अनुकरण इतरांनीं लौकरच केलें. १८८५ सालीं कॉर्नेलनें, १८८६ सालीं वेलस्लीनें व १८९० सालीं कोलंबियानें तशी पद्धति सुरू केली. पुढें १९०७ सालीं कोलंबियाच्या विश्वस्तांच्या एका समितीनें ह्या पद्धतीचें तत्त्व स्पष्ट सांगून टाकलें : ही रजा प्राध्यापकांच्या हितासाठीं निघालेली नसून विद्यापीठीय शिक्षणाच्या हितासाठीं निघालेली आहे. बक्षिसीच्या समजाला ह्याहून निःसंदिग्ध उत्तर नको.

(३)

आतां लॅनमन यांच्या कार्याकडे वळूं. हार्वर्डला आल्यानंतर नवव्या वर्षीं, म्हणजे १८८९ सालीं, ते हिंदुस्थानांत प्रवासास आले. ह्या प्रवासांत त्यांनीं हार्वर्डसाठीं संस्कृत व प्राकृत ग्रंथ आणि हस्तलिखितें विकत घेतलीं. पुढें फिट्झएडवर्ड हॉल यांचा संग्रह त्यांत मिळाला, आणि अमेरिकेंतील त्या प्रकारचा सर्वांत मोलाचा संग्रह तेथें उभा राहिला. त्याच पायावर १८९१ पासून 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' ही ग्रंथमाला निघाली. तिला हेन्री क्लार्क वॉरन ह्या पाली पंडितानें आपलें ज्ञान व द्रव्य दोन्ही दिलें. पाठीच्या व्याधीनें जन्मभर जखडलेला हा मनुष्य १८९९ सालीं वारला. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'ची चिकित्सक आवृत्ति त्याच्या हातून अपुरी राहिली. तिच्याकडे पुढें येऊं.

ह्या मालेंतील सातवा व आठवा खंड म्हणजे व्हिटनी यांचें अथर्ववेद-संहितेचें भाषांतर व टीपा. व्हिटनी १८९४ सालीं वारले, तेव्हां काम हस्तलिखितांतच होतें. गुरूचें हें कार्य लॅनमन यांनीं हातीं घेऊन १९०५ सालीं, हजाराहून अधिक पृष्ठांत, पुरें करून छापलें. त्यांत ठिकठिकाणीं एका मराठी पंडिताच्या पाठांचा उल्लेख संक्षेपानें येतो. ते पंडित म्हणजे शंकर पांडुरंग पंडित.

योगायोग असा कीं, शंकर पांडुरंगही १८९४ सालींच वारले, आणि तेही अथर्ववेदाचें काम अपुरें ठेवूनच. त्यांची सायणभाष्यासह काढलेली आवृत्ति चार खंडांत मुंबईस १८९५ ते १८९८ ह्या काळांत प्रसिद्ध झाली. म्हणजे एकही पुरा खंड लोकांच्या हातीं पडलेला त्यांनीं पाहिला नाहीं. केवळ पोथ्यांवर न विसंबतां अथर्ववेदी वैदिकांच्या मुखांतला पाठही त्यांनीं पोथीइतकाच प्रमाण मानून नोंदविला. हें काम दूरदेशच्या पंडितास घरबसल्या करतां आलें नसतें. असा हा मनुष्य सरकारी नोकरींतील अधिकारी होता. पुढें पोरबंदर संस्थानाचा कारभारही त्यानें पाहिला. कचेरीचे कागद संपल्यावर जो वेळ उरे तो वेदाचा. १८७६ सालीं सुरू केलेला त्यांचा 'वेदार्थयत्न' असाच मध्येंच थांबला होता.

दोन्ही कामें अपुरीं राहिलीं आणि दोन्ही पुढें प्रसिद्ध झालीं. मग भेद काय उरला? भेद हा कीं, एका बाजूला कामाला संस्था होती, ग्रंथमाला होती, आणि शिष्याला अकरा वर्षें देतां येतील अशी सोय होती. दुसऱ्या बाजूला एका मनुष्याचें शरीर व त्याच्या रात्री होत्या. शंकर पांडुरंगांना दोन मोकळीं वर्षें मिळतीं तर काय झालें असतें, हें सांगण्याच्या भरीस मी पडत नाहीं. इतिहासांत 'जर' ह्या शब्दाला साक्षीदार मिळत नाहीं. परंतु ज्यांना आपण अभिमानानें स्वकष्टार्जित विद्येचे पंडित म्हणतों, त्यांच्या त्या कष्टांचें कारण पुष्कळदां आपल्या समाजाची अनास्था हें होतें, एवढें मात्र ह्या उदाहरणावरून म्हणावेंसें वाटतें.

(४)

वॉरनच्या अपुऱ्या 'विसुद्धिमग्गा'ची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. ह्या कामासाठीं हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून १९१० सालीं धर्मानंद कोसंबी तिकडे गेले. गोव्यांतील सांखवाळचा हा मनुष्य पाली शिकण्यासाठीं सिंहलद्वीप व ब्रह्मदेश पालथे घालून आला होता. त्यापूर्वीं कलकत्ता विद्यापीठांतील नोकरी त्यांनीं सोडून दिली होती. महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें म्हणून सयाजीराव गायकवाडांनीं देऊं केलेले महिना ५० रुपये त्यांनीं पत्करले होते. त्याला कोणी सॅबॅटिकल म्हटलें नाहीं. परंतु त्यांतील तत्त्व तेंच. विद्वानाच्या पोटापुरती सोय करावी आणि त्याचा वेळ विद्येसाठीं मोकळा करावा, हें एका संस्थानिकाला कळलें होतें.

हार्वर्डमध्यें ग्रंथावर नांव कोणाचें, ह्या प्रश्नावरून धर्मानंदांचे व लॅनमन यांचे मतभेद झाले, आणि १९१२ सालीं ते परत आले. नंतर सहा वर्षें त्यांनीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविलें. १९१८ सालीं ते पुन्हा हार्वर्डला गेले, आणि त्यानंतरही दोन वेळां. १९४० सालीं त्यांनीं मुंबईस 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ति काढली. हार्वर्डची रोमन लिपींतील आवृत्ति १९५० सालीं बाहेर पडली, तेव्हां धर्मानंदांना जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. एका ग्रंथाला पन्नास वर्षें! विद्यापीठाच्या वेळापत्रकांत जें मावत नाहीं असें कांहीं काम असतें, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता? त्याचबरोबर हेंही खरें कीं, नुसत्या वेळानें सर्व साधतें असें नाहीं. ज्याचें काम त्याचें नांव, हा न्याय नसेल तर दिलेला वेळही कडू होतो.

दुसरें उदाहरण श्रीपाद कृष्ण बेळवलकर यांचें. लॅनमन यांच्या हाताखालीं अध्ययन करून १९१४ सालीं त्यांनीं हार्वर्डची डॉक्टर ही पदवी मिळविली. भवभूतीच्या उत्तररामचरिताचें त्यांचें भाषांतर त्याच ग्रंथमालेंत १९१५ सालीं आलें. तिकडील शिस्त त्यांनीं इकडे आणली. १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन करणाऱ्यांत ते अग्रभागीं होते, आणि १९४३ सालीं विष्णु सीताराम सुखठणकर वारल्यावर महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रधान संपादकत्वाचा भार त्यांनींच उचलला. परदेशीं घालविलेलीं वर्षें एका मनुष्याच्या नांवापुढें चार अक्षरें लावून संपलीं नाहींत. तीं पुण्याच्या एका संस्थेच्या भिंतींत मुरलीं.

(५)

आमच्या जुन्या अध्यापनपरंपरेंत ह्याला सदृश असें कांहीं होतें काय? आमच्याकडे सर्व कांहीं पूर्वींपासूनच होतें, असें म्हणण्याची खोड मला नाहीं. सातव्या वर्षाच्या रजेचा नियम आमच्या ग्रंथांत नाहीं. परंतु अध्ययनाच्या वर्षाची जी आंखणी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत सांगितली आहे, ती विचारार्ह आहे. श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावें, मग गांवाबाहेर जाऊन त्याचें उत्सर्जन करावें. उत्सर्जन म्हणजे सोडून देणें. पण त्यानंतर काय? त्यानंतर शुक्लपक्षांत वेद व कृष्णपक्षांत वेदांगें पढावीं, असा क्रम दिला आहे. म्हणजे नित्याचा पाठ थांबला कीं व्याकरण, निरुक्त, ज्योतिष, ज्यांच्यावांचून पाठाचा अर्थ लागत नाहीं, त्यांच्याकडे वळावयाचें. अष्टमी, चतुर्दशी इत्यादि अनध्याय हे निराळे, ते विश्रांतीचे. उत्सर्जन आणि अनध्याय यांत आमच्या शास्त्रकारांनीं घोटाळा केला नाहीं. आज सुट्टी आणि सॅबॅटिकल यांत तो होतो.

आणखी एक कल्पना येथें उपयोगी पडते, ती ऋषिऋणाची. मनुष्य जन्मतःच ऋषींचें ऋण घेऊन येतो व तें अध्ययनानेंच फिटतें, असें वेदवचन आहे. अध्यापक वर्षानुवर्षें पूर्वजांनीं मिळविलेलें ज्ञान वाटीत असतो. तें वाटतांना त्यांत स्वतःची भर घालण्याची संधि त्याला कधीं तरी मिळालीच पाहिजे, नाहीं तर तो कर्जाऊ धान्य वाटणारा कोठारी ठरतो.

(६)

आपल्या देशांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या विनियमांत ही रजा सांगितली आहे. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षें सेवा झालेल्या कायम अध्यापकास ती देतां येते. एका वेळीं एक वर्षाहून अधिक नाहीं, व सर्व सेवेंत मिळून दोन वर्षांहून अधिक नाहीं. त्या काळांत पूर्ण वेतन मिळतें. आधीं अध्ययन रजा घेतली असल्यास तिच्यावरून परत आल्यावर पांच वर्षें जावीं लागतात. रजेचा उद्देश अध्यापकाची योग्यता व विद्यापीठाला होणारा त्याचा उपयोग वाढविणें एवढाच सांगितला आहे. हार्वर्डच्या मूळ नियमांतील 'विश्रांति' येथें गळली आहे, आणि निम्म्या वेतनाचें पूर्ण वेतन झालें आहे. पूर्ण वेतन म्हणजे पूर्ण किंमत लोकांनीं भरली. तेव्हां ऋणही त्या मानानें वाढलें.

ह्या रजेवर आक्षेप घेतले जातात, आणि ते सर्वच खोटे नाहींत. कोणी ती घरच्या कामांत घालवितो, कोणी परदेशचा फेरफटका मारून येतो. एक रजेवर गेला कीं त्याचे तास दुसऱ्यांच्या माथीं पडतात, आणि शेवटीं ती रजा विद्यार्थ्यांच्या खर्चानें भोगली जाते. ह्यावर माझ्या अल्प मतीस तीन उपाय सुचतात. जाणारानें जाण्यापूर्वीं कोणतें दप्तर, कोणता संग्रह, कोणता ग्रंथ हातीं घेणार हें नांवनिशीवार सांगावें. नुसता 'विषय' सांगूं नये. त्याच्या जागीं तेवढ्या काळापुरता दुसरा अध्यापक नेमावा; काम शोधणाऱ्या तरुण पदवीधरांचा आज तोटा नाहीं. आणि परत आल्यावर त्यानें जें मिळविलें त्याच्या नकला, याद्या व टिपणें संस्थेच्या ग्रंथालयांत ठेवावीं, मग ग्रंथ छापून होवो वा न होवो. लॅनमन यांनीं आणलेलीं हस्तलिखितें त्यांच्या घरीं राहतीं, तर आज आपणांस त्यांचें नांवही घ्यावयाचें कारण नव्हतें.

(७)

ह्या लेखाचें निमित्त सांगून थांबतों. मी एका माध्यमिक शाळेंत संस्कृत शिकविण्यांत सगळी हयात घालविली. शाळामास्तराला ही रजा नाहीं, आणि ती नसल्याचें दुःख करीत बसण्याचें हें स्थळही नव्हे. परंतु भीमाकांठच्या एका गांवीं, एका जुन्या कुळकर्ण्यांच्या घरीं, माळ्यावर दोन पेट्या मोडी कागद होते. मालकांनीं ते मला मोकळेपणीं दाखविले. १८०३-०४ च्या दुष्काळानंतर ओस पडलेलें तें गांव पुन्हा कसें वसलें, ह्याचे ते कागद होते : पड जमिनींच्या यादी, परागंदा कुळांना परत येण्याविषयीं लिहिलेलीं पत्रें, आणि पहिल्या वर्षीं थोडा व पुढें चढता सारा ठरवून दिलेले इस्ताव्याचे कौल. कोणीं कोणता मळा प्रथम नांगरला, बैल कोणाकडून आणले, हें त्यांत नांवांसह होतें. मोठ्या इतिहासांत दुष्काळ एका ओळींत येतो. येथें त्या ओळीखालचीं माणसें होतीं.

मे महिन्याची सुट्टी आली कीं मी तिकडे जावें, असा बेत दरवर्षीं ठरे. उत्तरपत्रिका, जनगणना, मतदारयाद्या, घरचीं लग्नकार्यें, ह्यांतून कधीं चार दिवस उरत, कधीं तेही नाहीं. मोडी कागद चार दिवसांत वाचून होत नाहींत. हाताचें वळण डोळ्यांत बसावयासच आठवडा लागतो. ऊन उतरून लिपी लागूं लागावी, तों शाळा उघडे. पंधरा वर्षांत माझ्याकडून एकेचाळीस कागदांच्या नकला झाल्या.

सेवानिवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यांत मी वह्या घेऊन त्या गांवीं गेलों. जुने मालक वारले होते. वाडा उतरविला होता. तुळया विकल्या गेल्या होत्या. एक पेटी वाळवीनें खाल्ली म्हणून जाळली, दुसरी रद्दीबरोबर गेली, असें त्यांच्या सुनेनें सांगितलें. तिनें चहा दिला आणि, तुम्ही इतकीं वर्षें येत होतां तर तेव्हांच कां नाहीं नेलेत, असें सरळ विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं. तिचा दोष नव्हता. ज्यांनीं मला वेळ दिला नाहीं त्यांचाही एकट्यांचा नव्हता. मागण्याची रीतच आमच्यांत नव्हती.

ज्या अध्यापकांना आज नियमानें हें वर्ष मिळूं शकतें, त्यांनीं तें मागून घ्यावें. तें वर्ष विश्रांतीचें नाहीं, बढतीचें नाहीं, आणि केवळ त्यांचेंही नाहीं. कोणत्या तरी गांवीं, कोणत्या तरी माळ्यावर, त्या वर्षाच्या प्रतीक्षेंत कागद आहेत, आणि वाळवी रजेचा अर्ज करीत नाहीं.

माझ्या एकेचाळीस नकला मीं ग्रंथसंग्रहांत ठेवण्यासाठीं दिल्या आहेत. उरलेल्या कागदांची यादीसुद्धां माझ्यापाशीं नाहीं.